घोडबंदर रोडचं प्रसूतिगृह: दिवसपाळीला पैकीच्या पैकी

नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

माझं सिझर झालं. टाके घालणं चालू असतानाच सिस्टरनी लेकीला कोरडं पुसलं, फक्त टोपी घालून माझ्या छातीवर आडवं ठेवलं आणि वरून गरम पंचा टाकला. थंडीने माझे दात वाजत होते. तिची पाठ मात्र उबदार. रडणं थांबलं. मग तोंड उघडून डोकं इकडेतिकडे घुसळायला लागली. "घाई नको, ती शोधेल बरोबर," सिस्टर म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या १ तासात पाजायला सांगते. आमचं पाऊण तासात जमलं. चीक आला जेमतेम चमचाभर, पण तेवढा पुरतो म्हणे. सासूबाई मधाची बाटली घेऊन हजर! "आजी, वर्षभर मध नाही," हे डॉक्टरांनीच सांगितलं, मी वाचले.

रात्रपाळीने मात्र पाणी फिरवलं. लेक रडतेय म्हणून मला न विचारता वाटी-चमच्याने पावडरचं दूध! १९९२च्या कायद्याने या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि इथे काउंटरवर कंपनीचं कॅलेंडर. मी ते उलटं करून ठेवलं.

सकाळी दिवसपाळीच्या त्याच सिस्टरनी पकड सुधारून दिली: नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात हवा. दुखणं तिथेच निम्म्यावर आलं.

पार्किंग नाही. कॅन्टीनचा शिरा छान.