हँडिकॅप की टर्म्स: रेसच्या दिवशी घोडा कोणत्या शर्यतीत निवडायचा?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हिवाळ्यात आणि पुण्याला पावसाळ्यात एका दिवसात सहा-सात-आठ शर्यती होतात. प्रत्येकीत घोडा निवडायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. रेसबुक (दिवसाच्या शर्यतींची छापील पुस्तिका) हातात आलं की घोड्यांच्या नावांवर जाऊ नका, आधी शर्यतीच्या नावाखालची बारीक ओळ वाचा. 'क्लास ४, रेटिंग २० ते ४६' असं छापलं असेल तर ती हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून बरोबरी साधणारी शर्यत. रेटिंग म्हणजे घोड्याच्या कामगिरीवरून त्याला दिलेला आकडा. वय आणि नर-मादी पाहून वजनं ठरवली असतील तर ती टर्म्सची शर्यत. या दोन्हींत विजेता शोधायची रीत अगदी वेगळी आहे. नव्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा एकीची रीत दुसरीला लावल्यामुळे जातात.

हँडिकॅपमध्ये रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. ४६ रेटिंगच्या घोड्यावर ६० किलो असतील तर ३० रेटिंगवाल्याच्या पाठीवर ५२ येतात. सगळे घोडे एका रेषेत संपावेत, हेच हँडिकॅपरचं, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्याचं, काम. त्यामुळे 'रेटिंग जास्त, म्हणून घोडा चांगला' हे वाक्य इथे कुचकामी आहे. तो चांगलेपणा वजनाने आधीच वसूल झालेला असतो. हँडिकॅपरच्या हिशेबात अजून न आलेली गोष्ट शोधायची असते.

एक नमुना घेऊ. क्लास ४, १२०० मीटर. सात नंबरचा घोडा, रेटिंग ३०, वजन ५२, ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा क्रमांक) २. मागची धाव १४०० मीटरची, पाचवा, साडेचार लेंग्थ मागे (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). त्याआधी १२०० ला दुसरा, फक्त पाऊण लेंग्थने हरलेला. तेव्हा रेटिंग ३४ आणि वजन ५७. वरवर बघणारा म्हणेल, आज पाच किलो हलका! हे चूक. त्या दिवशी मैदानात सर्वांत वरचा, ६० किलोंचा घोडा ४० रेटिंगचा होता, म्हणून याला ५७ आले. आज वरचा ४६ चा आहे. खरा फायदा ३४ आणि ३० यांच्यातल्या चार पॉइंट्सचा, म्हणजे दोन किलोंचा. १२०० मीटरला एक लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने सव्वा किलो, त्यामुळे दोन किलो म्हणजे दीड लेंग्थच्या वर. तेव्हा याला हरवणारा घोडा जिंकल्यामुळे चढलेल्या रेटिंगसह आज पुन्हा समोर असेल, तर पारडं सातकडे आणखी झुकतं. १४०० ची धाव बाजूला ठेवता येते, पण तो शेवटच्या २०० मीटरमध्ये दमला असेल तरच. सुरुवातीपासूनच मागे पडला असेल तर अंतराला दोष देऊ नका, घोडाच फॉर्ममध्ये नाही.

पुढे सकाळच्या ट्रॅकवर्कची, म्हणजे सरावाची, नोंद बघा. '६०० मीटर ३८ सेकंद, मोकळेपणाने' ही नोंद '३७ सेकंद, रेटून' हिच्यापेक्षा जास्त बोलते. वर रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारा पोरगा) होता की स्वतः जॉकी, तेही बघा, कारण वजनात आठ-दहा किलोंचा फरक असला तर सेकंदांची तुलनाच होत नाही. वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या वेळाही एकमेकींशी ताडून बघू नयेत.

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकीला मिळणारी वजनाची सूट हवी तर मोजा, पण अर्ध्याच मनाने. वजन उतरतं, त्याचबरोबर अनुभवही कमी होतो. बाहेरच्या ड्रॉवरून वळणावर जागा काढायची असेल, तर वाचलेले किलो तिथेच खर्ची पडतात.

टर्म्सला उलट चाला. इथे रेटिंग सरळ वाचायचं, कारण चांगल्या घोड्यावर जादा ओझं टाकलेलं नसतं. २४०० मीटरची इंडियन डर्बी घ्या: नरांना ५७ किलो, माद्यांना ५५.५. समजा नर ९० रेटिंगचा आणि मादी ८४ ची. सहा पॉइंट म्हणजे तीन किलो. मादीला दीडचीच सूट मिळते, म्हणून नर अजून दीड किलोने पुढे. इतक्या अंतराला लेंग्थमागे अर्धा ते पाऊण किलो धरला, तर हे दोन-तीन लेंग्थ झाले. तीच मादी ८८ ची असती तर हिशेब फिरून तिच्या बाजूने गेला असता. म्हणून मादी दिसली की लोक नाक मुरडतात ते आम्हाला पटत नाही. १९४३ ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या मादीनेच जिंकली होती.

टर्म्समध्ये गणित फसतं ते अंतरावर. डिसेंबरातल्या गिनीज या टर्म्सच्या मोठ्या शर्यती १६०० मीटरच्या, डर्बी त्याच्या दीडपट. गिनीज जिंकलेला घोडा फेव्हरिट (ज्यावर सर्वांत जास्त पैसे लागतात तो) होतोच, पण शेवटच्या ४०० मध्ये त्याचं काय होईल हे रेटिंग सांगत नाही. आई-बापाचं वंशबळ बघा, आणि १६०० ला तो शेवटी वेग वाढवत होता की टिकवत होता हेही बघा. दुसरा धोका संथ वेगाचा. सहा-सात घोडे आणि पुढे पळणारा एकही नाही, असं मैदान असेल तर शर्यत रेंगाळते, शेवटी सगळा स्प्रिंट होतो आणि दमदार स्टेयर (लांब पल्ल्याचा घोडा) हात चोळत राहतो.

पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांची शर्यत सोडून द्या. वाचायला काहीच नसतं, आणि भाव (लावलेल्या पैशावर किती मिळणार ते) ट्रेनरच्या नावावरच ठरतो.

मग निवडायचं काय? फक्त विजेता ओळखायचा असेल तर टर्म्स. तिथे फेव्हरिट जिंकण्याची शक्यता चांगली, पण भाव इतका पडलेला असतो की कर आणि कपात जाऊन हातात फारसं उरत नाही. पैशाला मोल हवं असेल तर हँडिकॅप. तिथे चूक वारंवार होणार हे धरूनच चालावं. आमचा कौल असा: नव्या माणसाने दिवसात दोनच शर्यती घ्याव्यात, एक टर्म्सची सरावासाठी आणि एक क्लास ३ किंवा ४ ची, १२०० किंवा १४०० मीटरची. सर्वांत खालच्या क्लास ५ मध्ये घोड्यांच्या धावांत सातत्य नसतं, तिथे हिशेब मांडून हाती काही लागत नाही.

पुण्याला पावसात आणखी एक आकडा बघायचा, पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा. तो वर गेला म्हणजे जमीन मऊ. कोरड्या महालक्ष्मीवर मिळवलेलं रेटिंग त्या चिखलात तसंच्या तसं धरू नका. घोडा ओल्या ट्रॅकवर आधी धावलाय का, एवढं तरी तपासा.

शेवटची वीस मिनिटं पॅडकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, काढा. मुंबईच्या दमट हवेत मानेवरचा घाम सगळ्यांनाच असतो, त्यावर जाऊ नका. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आलाय आणि बाकीचे कोरडे आहेत, तर तो घोडा ताकद तिथेच घालवतोय. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतोय का, पाऊल मोकळं आहे का, तेही बघा. मग बोर्डावर शर्यतीतून ऐनवेळी कोण गळालं ते बघून हिशेब नव्याने करा. पुढे पळणारा एकमेव घोडाच गळाला असेल तर सकाळची निवड रद्द समजा, आणि दुसरी सुचली नाही तर ती शर्यत बघायची, तिकीट काढायचं नाही.