अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा डिप्लोमा म्हणून माझ्या घरचे ७२ हजार नेले, पैसे भरायच्या आधी हे वाचा

सध्या यवतमाळ-वाशिम साइडला अ‍ॅथलेटिक ट्रेनर, स्पोर्ट्स रिहॅब एक्स्पर्ट अशा नावाचे तीन महिन्यांचे डिप्लोमे विकणं चालू आहे, आणि घेणारे कोण तर पोलीस भरतीत थोडक्यात राहिलेली पोरं-पोरी, ८०० मीटर, १६०० मीटर, गोळाफेक याच्यात वर्षं गेली, वय निघून चाललं पण ग्राऊंड काही सोडवत नाही. मी त्यातलीच एक. बाबांनी तूर विकून पैसे दिले होते म्हणून जास्त राग येतो.

आमच्या गावात कबड्डीचे सामने होते तिथे हे डिप्लोमे विकणारा सर आला. एका पोट्ट्याचा घोटा मुरगळला, यानं टेप मारून दिली आणि पोट्टं पुन्हा मैदानात उतरलं, सगळं गाव पाहतच राहिलं. मग घरी चहाला आला, बोलणं एकदम आपल्या वऱ्हाडीत, "काकाजी, पोरगीले खेळाची जाण हाये, शिकू द्या तिले, अकादमीवाले घरी येऊन नेतीन." बाबांचा तिथंच विश्वास बसला.

मग यवतमाळला हॉलमध्ये सेमिनार, भिंतीवर मोठं बॅनर, भारत सरकार नोंदणीकृत, आयएसओ प्रमाणित. हे नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथंच आहे. ती सरकारी नोंदणी म्हणजे उद्यम नोंदणी निघाली, ती आधार कार्डावर ऑनलाइन फुकटात होते, किराणा दुकानाचीही होते. ती धंद्याची नोंद आहे, कोर्सची मान्यता नाही. आयएसओचंही तसंच, त्यानं कोणाला डिप्लोमा द्यायचा अधिकार मिळत नाही.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी नोंदणीचे ५ हजार, मग फीचे ३२, किटचे १० (किट म्हणजे टेपचे रोल, क्रेप बँडेज आणि एक बॅग), आणि सगळ्यात शेवटी २५ हजार अमेरिकेच्या बोर्डाची परीक्षा फी, ती पण एका बाईच्या पर्सनल यूपीआयवर. शिकवणं झूमवर, ते पण यूट्यूबचेच व्हिडिओ लावून. परीक्षा झालीच नाही, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मात्र कुरिअरनं घरी आलं.

ते घेऊन मी एका क्रीडा संकुलात नोकरीला गेले तर तिथल्या फिजिओ मॅडमनं बसवून सगळं सांगितलं. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे आरोग्य क्षेत्रातला माणूस, जिमचा ट्रेनर नाही. तिथलं मान्यताप्राप्त शिक्षण, आता तर मास्टर्स लेव्हलचं, घेतल्याशिवाय त्या बोर्डाच्या परीक्षेला बसताच येत नाही, मग आमच्याकडून फी कशाची घेतली? आपल्याकडे खेळाडूच्या दुखापतीवर काम करायचं असेल तर बारावी सायन्स बायोलॉजी घेऊन फिजिओथेरपीची डिग्री, बीपीटी, आणि पुढे स्पोर्ट्समध्ये मास्टर्स. कोच व्हायचं असेल तर पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एक वर्षाचा डिप्लोमा. शाळेत खेळ शिकवायचा असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री, आणि त्याच्यासाठी लांब जायची गरज नाही, आपल्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. हे आम्हाला गावात कोणीच सांगत नाही हो, शाळेतही नाही, म्हणून असे लोक थेट अंगणात येऊन बसतात.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या बॅचमधल्या एकानं गावात दुकान टाकलं, भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा सुजलेला घोटा चोळून टेप मारून दिली आणि पळ म्हणाला. नंतर एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. त्या पोराची भरती गेली. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की दुखत असेल तर आधी एक्स-रे, हे साधं सुद्धा आम्हाला शिकवलं नव्हतं आणि सर्टिफिकेटवर एक्स्पर्ट लिहून दिलं.

आता ऑफिसला कुलूप आहे, नंबर बंद. मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, कॉल करून यूपीआयची तक्रार नोंदवली, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला आणि रिसीव्हड कॉपी घेतली. कोणाचे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर लगेच कॉल करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. बाकीच्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचं पाहा, ५ लाखापर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण साधारण दोन वर्षांच्या आत करावी लागते. आम्ही काही जण मिळून एकत्र तक्रार करतोय. त्या बॅचमधल्या कोणाकडे पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, सेमिनारच्या बॅनरचा फोटो असेल तर डिलीट करू नका, प्रिंट काढून ठेवा, बॅनरचा फोटो तर आम्हाला पाहिजेच आहे कारण त्याच्यावरच नोकरीची गॅरंटी लिहिलेली होती.