रशियन म्युझियममधला रेपिनचा हॉल: मोठ्या चित्रावरून परत फिरू नका

सेंट पीटर्सबर्गला गेलेले आपले बरेच लोक हर्मिटाज हे मोठं म्युझियम करतात आणि पाय दुखले म्हणून हॉटेलवर परत येतात. आमच्या टूरवाल्याच्या यादीत तर रशियन म्युझियमचं नावच नव्हतं, मी शेवटच्या दिवशी एकटाच गेलो आणि खरं सांगतो, अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी काय बघितलं असेल तर ते इथेच. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

जायचं ते थेट रशियन चित्रकार इल्या रेपिनच्या हॉलमध्ये. राज्य परिषदेला, म्हणजे झारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या मंडळाला, शंभर वर्षं झाली म्हणून 7 मे 1901 ला भरलेल्या सभेचं चित्र आहे तिथे, 4 मीटर उंच, जवळजवळ 9 मीटर रुंद, ऐंशीच्या वर माणसं आणि सगळी फुल युनिफॉर्ममध्ये, लाल पट्टे, निळे पट्टे, सोनेरी जर, छातीवर बिल्लेच बिल्ले. कुस्तोदिएव आणि कुलिकोव या दोन शिष्यांना मदतीला घेऊन रेपिनने ते 1903 मध्ये पूर्ण केलं. भव्य आहे, वादच नाही, पण इतक्या चेहऱ्यांत नजर कुठे ठरत नाही हो.

खरा माल बाजूच्या भिंतींवर आहे! या चित्रासाठी एकेका अधिकाऱ्याला समोर बसवून केलेली ऑइलमधली स्केचेस. पोबेदोनोस्त्सेवच्या स्केचसमोर मी अर्धा तास तरी उभा असेन. 1880 पासून चर्चचा कारभार याच्या हातात, झारच्या दरबारात केवढं वजन, आणि रेपिनने काढलंय काय तर फिकट चेहरा, चष्म्यामागे डोळ्यांच्या नुसत्या फटी आणि बोटांत बोटं अडकवलेले हात. जवळ गेलं की छातीवरची जर म्हणजे पिवळ्या रंगाचे चार फटकारे, ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसतात, आणि चार पावलं मागे आलं की तेच फटकारे सोन्यासारखे चमकायला लागतात. खुशामत कुठेच नाही, अपमानही नाही, माणूस जसा बसला तसा.

याच रेपिनने 1870 ते 1873 मध्ये व्होल्गाकाठी बोट ओढणारे मजूर रंगवले, ते चित्रही याच म्युझियममध्ये आहे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी बघा, घाई करू नका. मजुरांच्या छातीवर ओढायचा चामड्याचा पट्टा, अधिकाऱ्यांच्या छातीवर मानाचा रेशमी पट्टा. मी दोनदा या हॉलमधून त्या हॉलमध्ये जाऊन बघून आलो.