टेट्रोड की मिनिस्कोप: हिप्पोकॅम्पसवर काम सुरू करण्याआधी

प्लेस सेलवर पीएचडी करायचं ठरलं की गाइडचा पहिला प्रश्न येतो: तारा लावणार (म्हणजे टेट्रोड, पेशींची वीज टिपणाऱ्या तारा) की भिंग (म्हणजे मिनिस्कोप)? प्लेस सेल म्हणजे प्राणी ठराविक जागी आला की पेटणारी पेशी, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातली; याहून जास्त इथे सांगत बसत नाही. १९७१ मध्ये ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांनी त्यांची नोंद केली, २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या ट्रोंडहाइमच्या लॅबमधून जागेवर जाळी आखल्यासारखे पेटणारे ग्रिड सेल आले आणि २०१४ मध्ये ओकीफ आणि मोझर दांपत्याला नोबेल मिळालं. या वाटेला लागणाऱ्याला एवढं पाठच असतं. मी मिनिस्कोपही वापरला आहे आणि टेट्रोडही, म्हणून हे चार शब्द.

मिनिस्कोपची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. माउसच्या डोक्यावर दोनेक ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक बसतो आणि एका वेळी शेकडो पेशी लुकलुकताना दिसतात. शिवाय त्या ओळखीच्या राहतात. आज दिसलेली पेशी दोन आठवड्यांनी त्याच शेजाऱ्यांमध्ये पुन्हा सापडते. टेट्रोडमध्ये रात्रीतून तार काही मायक्रॉन सरकली, तर समोरची पेशी कालचीच आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. २०१३ मध्ये झिव, श्निट्झर आणि सहकाऱ्यांनी माउसच्या सीए१ मध्ये (हा हिप्पोकॅम्पसचाच एक भाग) आठवडेच्या आठवडे त्याच पेशींवर नजर ठेवली. कोणत्याही दोन दिवसांच्या प्लेस सेलमध्ये साधारण १५ ते २५ टक्केच सामाईक निघाल्या, पण ज्या सामाईक होत्या त्यांनी आपली जागा सोडली नव्हती. हे तारांनी हाती लागलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न ‘महिन्याभरात आठवणीचं काय होतं’ असा असेल, तर सरळ मिनिस्कोप घ्या.

मला जे खुपलं ते वेगळंच. सर्जरीत आधी जीकॅम्प, म्हणजे पेशी पेटली की उजळणारं प्रथिन, पेशींत नेणारा व्हायरस सोडायचा, मग हिप्पोकॅम्पसवरचा कॉर्टेक्सचा थर हलकेच शोषून काढायचा, भिंग टेकवायचं आणि डेंटल सिमेंटने पक्कं करायचं. त्यानंतर तीन-चार आठवडे नुसती वाट. मग एका दिवशी मिनिस्कोप लावून फोकस करायचा, तेव्हा कळतं की खाली पेशी आहेत की नुसतं राखाडी धुकं. धुकं असेल तर करण्यासारखं काहीच उरत नाही. भिंग हलत नाही. व्हायरस चुकीच्या जागी गेला, की रक्त साकळलं, की भिंग शंभरेक मायक्रॉन वर राहिलं, हे मेंदूचे काप केल्याशिवाय समजत नाही. काही जणांचा हात इतका बसलेला असतो की त्यांना हे दुखणं माहीतच नसतं. मला मात्र ते आंधळे आठवडे सोसवले नाहीत.

टेट्रोडचं तसं नाही. केसाहून बारीक चार तारा पिळून केलेला एकेक टेट्रोड स्वतंत्र स्क्रूवर असतो आणि रोज थोडाथोडा खाली उतरवायचा असतो. आमच्या ड्राइव्हमध्ये (सगळे टेट्रोड धरणारा डोक्यावरचा साचा) एका पूर्ण फेऱ्याला पाव मिलिमीटर. कुठे पोचलो ते मेंदूच सांगतो. पेशींचा थर जवळ आला की रिपल, म्हणजे बऱ्याच पेशी एकदम पेटताना उठणाऱ्या झटपट लहरी, ठसठशीत व्हायला लागतात, पेशींची वीज ऐकवणाऱ्या स्पीकरवर तडतड वाढते. थराखाली घसरलात तर रिपलसोबत येणारी मोठी लाट, शार्प वेव्ह, उलटी होते. एखादा टेट्रोड वाया गेला तरी बाकीचे असतात. आज काही मिळालं नाही तर अष्टमांश फेरा देऊन उद्या बघायचं. विहिरीत दोर सोडणाऱ्याला पाणी लागल्याचं हाताला कळतं, त्यातलाच प्रकार. आणि रॅट ट्रॅकच्या ठराविक कोपऱ्यात शिरताच स्पीकर कडकडायला लागतो, तो आनंद व्हिडिओवर नंतर प्रक्रिया करून मिळत नाही. आता हे काही शास्त्रीय कारण नव्हे, मान्य.

शास्त्रीय कारण वेगाचं आहे. रॅट धावत असताना थीटा ही मेंदूतली लाट सेकंदाला आठेक वेळा येते आणि प्रत्येक लाटेत पेशी कोणत्या टप्प्यावर बोलते यालाही अर्थ असतो. ओकीफ आणि रेस यांनी ते १९९३ मध्ये दाखवलं. थांबल्यावर किंवा झोपेत, काही सेकंदांची धाव रिपलमध्ये शंभरेक मिलिसेकंदांत पुन्हा घडते. जीकॅम्पचा उजेड विझायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. कोणत्या पेशी पेटल्या ते दिसतं, पण त्यांचा क्रम पुसट होतो.

टेट्रोडची कटकट कमी नाही. ड्राइव्ह बांधताना मान आणि डोळे जातात, पेशी मिळतात त्या काही डझन, आणि स्पाइक सॉर्टिंग (कोणता विजेचा ठोका कोणत्या पेशीचा ते वेगळं करणं) तर दोघांनी केलं की दोन आकडे. माउसच्या जनुकीय जाती हव्या असतील तरी पारडं भिंगाकडे झुकतं. पण रॅट असेल, प्रश्न क्रमाचा किंवा रिपलचा असेल, आणि लॅबमध्ये भिंग बसवणारा सराईत हात नसेल, तर मी तरी तारांकडेच बोट दाखवेन.

ठरवण्यापूर्वी टेट्रोड उतरवणाऱ्या कुणाच्या तरी शेजारी एक दुपार बसून या. दुपारीच, कारण तेव्हा रॅट झोपलेला असतो आणि रिपल भरपूर दिसतात.