खाडीच्या पाण्यातल्या पंपाचा शाफ्ट: ईएन १९ घ्यावा की डुप्लेक्स?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात खाडीचं पाणी ओढणाऱ्या पंपाला नवा शाफ्ट (फिरणारा दांडा) घालायचा असेल, तर समोर पोलादाची तीन नावं येतात: ईएन १९ (मिश्र पोलाद, स्टेनलेस नव्हे), ३१६ स्टेनलेस आणि डुप्लेक्स २२०५ (फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन घटकांचं स्टेनलेस). नुसता कॅटलॉग पाहिला तर ईएन १९ बाजी मारतो. त्याची यील्ड ताकद (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) टी अवस्थेत, म्हणजे ठरावीक कडकपणापर्यंत उष्णता देऊन तयार केल्यावर, सुमारे ६८० मेगापास्कल, डुप्लेक्सची किमान ४५०, ३१६ची किमान २०५. शिवाय तो स्वस्त.

हे आकडे मात्र कोरड्या हवेतले आहेत. १४५० आरपीएमचा शाफ्ट दिवसाला जवळपास २१ लाख फेरे घेतो आणि दर फेऱ्यात त्याची कातडी एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. हवेत पोलादाला फटीगची, म्हणजे वारंवार ताण बसून येणाऱ्या थकव्याची, एक मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर शाफ्ट वर्षानुवर्षं फिरतो. खाऱ्या पाण्यात ती मर्यादाच उरत नाही. पाण्यातल्या मिठातलं क्लोराइड आधी बारीक खड्डा पाडतं, खड्ड्याच्या तळाशी चीर सुरू होते. चिरेचं टोक उघडलं की उघडा पडलेला ताजा धातू गंजतो आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन पुढचा धातू ठिसूळ करतो. बीएस ७९१० या ब्रिटिश मानकातल्या सोप्या सूत्रात समुद्राच्या पाण्यातल्या पोलादासाठी चीर वाढण्याचा वेग हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त धरला आहे.

असा तुटलेला शाफ्ट मी हातात घेतला आहे. चावीच्या खाचेपासून (चाक शाफ्टवर पक्कं बसवणाऱ्या पट्टीसाठी कापलेल्या) शिंपल्यावर असतात तशा रेषा, त्यांवर जुना तपकिरी गंज, आणि शेवटी तुटलेला छोटासा तुकडा तेवढा चकचकीत. चीर कितीतरी दिवस आत चालत होती, बाहेरून कोणाला दिसली नाही.

म्हणून खाडीच्या पाण्याला थेट लागणाऱ्या शाफ्टसाठी माझं मत डुप्लेक्सला. त्यावर खड्डे सहज पडत नाहीत, म्हणजे चिरेला सुरुवातच मिळत नाही, आणि ताकदही ३१६च्या दुप्पट. ३१६ इथे मधल्या मधे अडकतो: व्यास वाढवावा लागतो आणि साचलेल्या कोमट खाऱ्या पाण्यात खड्डे पडतातच. डुप्लेक्सही अमर नाही. स्लीव्हखाली (शाफ्टवर चढवलेल्या नळीखाली), ओ-रिंगखाली (रबरी कड्याखाली) गाळ साचून राहिला तर तोही कुरतडला जातो. पंप बंद ठेवायचा असेल तर गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. वेल्डिंग करून झीज भरण्याचा मोह टाळा, उष्णतेने त्याच्या दोन घटकांचा तोल बिघडतो.

ईएन १९ कमी पडतो म्हणून त्याहून कडक ईएन २४ घेऊ नका. कडकपणा वाढला की हायड्रोजनपुढे पोलाद जास्त हळवं होतं.

यंत्र सावकाश चालणारं असेल, मिक्सर किंवा खाडीकाठचं गेट, तर आणखी सांभाळून. दर फेऱ्याला पाण्याला जास्त वेळ मिळतो, म्हणून चीरही दर फेऱ्याला जास्त सरकते.

गिअरबॉक्समध्ये तेलात फिरणारा शाफ्ट असेल तर ईएन १९च घ्या. तिथे डुप्लेक्सचे पैसे वाया जातील. कुठलाही घेतलात तरी टर्नरला सांगा, पायरीच्या कोपऱ्याला आणि चावीच्या खाचेच्या तळाला गोलाई हवी. तीक्ष्ण कोपरा ठेवलात तर महागडा धातूही तिथेच चिरतो.