अणू मॉडेल किट: तीन स्टार, तेही लेकीमुळे

लेकीला आठवीच्या विज्ञान प्रदर्शनात ऑक्सिजनचा अणू करून न्यायचा होता, प्रदर्शन शनिवारी आणि मला कळलं सोमवारी रात्री साडेनऊला, म्हणजे नेहमीसारखंच. थर्माकोलचे गोळे रंगवत बसायला वेळ कुठाय, म्हणून ऑनलाइन 649 रुपयांचं अणू मॉडेल किट मागवलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी चार किट बघितली तर सगळी एकाच कारखान्यातनं निघाल्यासारखी वाटतात, लाल प्रोटॉन, पांढरे न्यूट्रॉन, निळे इलेक्ट्रॉन, तारेच्या दोन रिंगा आणि एक लाकडी स्टँड.

आधी चांगलं सांगते. पार्सल बुधवारी आलं, वेळेत. गोळे गुळगुळीत आहेत, रंग हाताला लागत नाही, एकमेकांत खटकन बसतात आणि हलवलं तरी सुटत नाहीत. खरं म्हणजे प्रोटॉन सगळे धन प्रभाराचे, त्यांनी एकमेकांना ढकलून द्यायला पाहिजे, पण खऱ्या अणुकेंद्रकातही ते असेच घट्ट चिकटून असतात कारण इतक्या जवळ आल्यावर त्या ढकलाढकलीपेक्षा कितीतरी जबरदस्त असं दुसरं एक बल त्यांना धरून ठेवतं. हे पोरीला समजावताना गोळ्यांचा उपयोग झाला, तेवढे पैसे वसूल.

आता गंमत बघा. बॉक्सवर लिहिलंय पहिली 10 मूलद्रव्यं बनवा, म्हणजे तिन्ही कण किमान दहा दहा तरी पाहिजेत, आणि आत मोजले तर प्रोटॉन 10, इलेक्ट्रॉन 10 आणि न्यूट्रॉन 7. ऑक्सिजनला लागतात 8. पिशवी झटकली, बॉक्स उलटा केला, सोफ्याखाली बघितलं, नाहीच. लेक म्हणाली आई जाऊ दे ना, एक कमी असला तर कोण मोजतंय. मी बँकेत कॅशला बसते, मला हे ऐकवेना. मग दोघींनी नेटवर शोधलं तर 8 प्रोटॉन आणि 7 न्यूट्रॉनवाला ऑक्सिजन खरंच असतो, ऑक्सिजन-15 म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलात पेट (PET) स्कॅन नावाच्या तपासणीसाठी वापरतात, पण साधारण दोन मिनिटांत त्यातले अर्धे अणू नायट्रोजन होऊन बसतात. प्रदर्शन तीन तासांचं होतं.

कस्टमर केअरच्या चॅटवर गेले तर तिथला मुलगा म्हणतो, मॅम जो पार्ट मिसिंग आहे त्याचा फोटो पाठवा. अरे बाबा जो आलाच नाही त्याचा फोटो कसा काढू? नंतर मात्र मला फार हसू आलं कारण खऱ्या न्यूट्रॉनचीही नेमकी हीच रड होती. इलेक्ट्रॉन 1897 मध्ये थॉमसनने शोधला, अणूच्या मधोमध केंद्रक आहे हे रूदरफोर्डने 1911 मध्ये सांगितलं, प्रोटॉनला नावही मिळालं, पण न्यूट्रॉनवर प्रभारच नाही, त्यामुळे तो ज्या उपकरणांत प्रभारित कणांचा माग उमटतो त्यांत काही म्हणजे काही उमटवत नाही. 1932 मध्ये केंब्रिजला चॅडविकने तो पकडला तो आडवाटेने. बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केला की काहीतरी अदृश्य बाहेर पडतं एवढं आधीच माहीत होतं, ते मेणावर आदळलं की मेणातले प्रोटॉन उडतात हेही पॅरिसच्या जोलिओ-क्युरी या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने बघितलं होतं, पण त्यांना वाटलं गॅमा किरण असतील, म्हणजे क्ष-किरणांसारखे, वजनच नसलेले. चॅडविकने उडालेल्या कणांच्या वेगावरनं हिशोब केला आणि म्हणाला की धक्का देणारा साधारण प्रोटॉनच्याच वजनाचा आहे. म्हणजे न दिसणारा पाहुणा दुसऱ्याला लागलेल्या धक्क्यावरनं ओळखला. ह्यासाठी 1935 चं नोबेल मिळालं त्याला, मला चॅटवर फक्त तिकीट नंबर मिळाला.

आणि किटमधली पुस्तिका सांगते की न्यूट्रॉनचा शोध रूदरफोर्डने लावला! त्याने 1920 मध्ये असा कण असेल असं नुसतं म्हटलं होतं हो. बाकी त्या पुस्तिकेचं मराठी म्हणजे स्वतंत्र करमणूक आहे, कुठल्यातरी मशीनमधनं काढलंय आणि एकदाही वाचलेलं नाही. ‘पहिल्या शिंपल्यात 2 इलेक्ट्रॉन राहतात’, शिंपला! शाळेच्या पुस्तकात कवच शब्द आहे, ‘अणूचे अंतरंग’ हा धडाच आहे आठवीला, तो उघडून बघितला असता तरी चाललं असतं. पुढे ‘इलेक्ट्रॉनवर नकारात्मक शुल्क आकारले जाते’. ऋण प्रभार म्हणायचं होतं त्यांना. नवरा वाचून म्हणाला, जीएसटी धरून का?

रिंगांबद्दल माझी मोठी तक्रार आहे. निळे मणी तारेत ओवायचे असतात, ओवले, मॉडेल उभं केलं आणि सगळे इलेक्ट्रॉन घसरत खाली येऊन एकाला एक चिकटून बसले, आतल्या रिंगेतले दोन आणि बाहेरच्या रिंगेतले सहा. लेक म्हणे आई इलेक्ट्रॉन झोपले. तार पण इतकी नरम की गोल कसली, चिंच झाली तिची. शेवटी ती तार टाकून दिली आणि माझ्या लग्नातल्या दोन मेटलच्या बांगड्या घेतल्या, एक छोट्या मापाची एक मोठ्या, त्यावर मणी फेविक्विकने चिकटवले. बोटं चिकटली ती वेगळीच.

तसं बघितलं तर गोल रिंगेत फिरणारे इलेक्ट्रॉन हेच चुकीचं चित्र आहे, ते काही ग्रहांसारखे ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत, इथे सापडायची शक्यता जास्त तिथे कमी असा सगळा ढगासारखा कारभार असतो. पण आठवीला तेवढं चालतं. मला खटकलं ते माप. तिन्ही मणी एकाच साइजचे दिलेत! प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन 1 ग्रॅमचा धरला तर प्रोटॉन पावणेदोन किलोच्या वरचं कलिंगड. निदान निळे मणी मोहरीएवढे तरी करायचे. आणि मधली पोकळी तर विचारूच नका. किटमधला प्रोटॉन 2 सेंटीमीटरचा आहे, त्या मापाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन 600 मीटरच्या आसपास असायला पाहिजे, म्हणजे आमच्या घरापासनं रिक्षावाला यायला कुरकुर करेल इतक्या लांब, आणि मधे काहीच नाही, हे आपण भिंत बिंत म्हणतो ते सगळं असलंच. हे एका वाक्यात छापायला काय जात होतं? त्याऐवजी छापलंय की प्रोटॉन न्यूट्रॉन हे सर्वात छोटे कण. नाहीत. त्यांच्या आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण असतात, अप आणि डाऊन अशा दोन जातींचे, प्रोटॉनमध्ये दोन अप एक डाऊन आणि न्यूट्रॉनमध्ये एक अप दोन डाऊन. इलेक्ट्रॉनच्या आत मात्र अजूनतरी काही सापडलेलं नाही.

तर शुक्रवार रात्रीपर्यंत कंपनीचा न्यूट्रॉन काही आला नाही. कपाटातनं एक डांबरगोळी काढली, पांढरी, गोल, मापही जवळजवळ तेच, फेविक्विक लावून आठवा न्यूट्रॉन म्हणून बसवली. प्रदर्शनात बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, वास कसला येतोय गं? लेकीने सांगितलं ऑक्सिजनचा.

पुढच्या बुधवारी कंपनीकडनं छोटं पाकीट आलं. आत तीन मणी, निळे.

मॉडेल आता टीव्हीच्या वर ठेवलंय. एकटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत मोडून जातो पण ऑक्सिजनच्या केंद्रकात बसला की टिकतो, असं मी लेकीला शिकवलं होतं, आणि आमचा आठवा रोज जरा जरा बारीक होत चाललाय.