दोन बोटांचा फरक

गेली २८ वर्षं मी ब्लाउज शिवते. डोंबिवलीत घरीच मशीन आहे. माप घेताना टेपच्या आत किती बोटं ठेवायची हे मला कुणी शिकवायला नको. तरी बोटीवरच्या एका मुलीनं मला टेपनंच फसवलं, तेही माझ्या डोळ्यांदेखत.

लग्नाला ३० वर्षं झाली म्हणून मुलीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्हा दोघांचं क्रूझचं तिकीट काढलं. ती सिंगापूरलाच नोकरी करते. सिंगापूरहून पेनांग, मग फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर. राहणं-जेवण सगळं तिकिटात आलं, आता खिशात हात घालू नका, असं तिनं बजावलं होतं. तिथं खिशात हात घालावाच लागत नाही हीच तर मेख आहे. खोलीचं कार्ड दाखवायचं, सही करायची, आकडा शेवटच्या दिवशी कळतो.

मरीना बेच्या टर्मिनलवरून बोटीत चढलो तेव्हा खोल्या तयार नव्हत्या. तेवढ्या वेळात माणसं भटकतात, हे बोटवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. वरच्या मजल्यावर स्पा बघायला बोलवत होते. काकडीचं पाणी, मंद वास, आणि एका डब्यात नाव-खोली नंबर लिहून टाकायची सोडत. एका बाईंना ५० डॉलरची सूट लागली. म्हणजे उरलेले पैसे त्यांनीच भरायचे. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

तिथंच समुद्री शेवाळाच्या लेपाचं ऐकलं. शरीरातली विषं बाहेर पडतात, एका बैठकीत पोट इंचभर तरी उतरतं. किंमत १८९ डॉलर, पण आज नाव नोंदवून पेनांगच्या दिवशी आलात तर १४९. बंदराच्या दिवशी लोक खाली उतरतात, स्पा रिकामा पडतो, म्हणून ती सूट. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, ४० डॉलर वाचले.

"अगं, पेनांग बघायला आलोय की शेवाळ फासून घ्यायला?" हे म्हणाले. मी ऐकलं नाही. हे एकटेच जॉर्जटाउनला उतरले, लिटिल इंडियात केळीच्या पानावर जेवून आले. मी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पडून होते.

आधी एक फॉर्म भरून घेतला. थायरॉइड आहे का, या चौकटीत मी स्पष्ट खूण केली. मला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी असते. मग त्या मुलीनं उभं करून पोटाचं माप घेतलं. टेपच्या आत तिची दोन बोटं होती. मी मनात म्हटलं, वा, पोरगी सैल माप घेते, आपल्यासारखीच. मग पोटावर चकत्या लावून विजेची झिणझिण, वर हिरवा चिखल, वर प्लास्टिक, वर गरम पांघरूण. घामाच्या धारा लागल्या. धुवून पुसून परत उभं केलं आणि परत टेप. या खेपेला आत एकही बोट नव्हतं. टेप कातडीत रुतली होती, शिवाय "श्वास सोडा" असंही म्हणाली.

"बघा, सव्वा इंच!"

मी बघितलं होतं. बोटं गेलेली मला दिसली होती. गिऱ्हाइकाचं माप मी असं घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी ब्लाउज तोंडावर आला असता. पण त्या पोरीचा चेहरा इतका आनंदला होता, आणि मी परक्या देशात, परक्या भाषेत, अंगावर एक झगा घालून उभी. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, तिची आणि माझी गाठ तिथं पडली.

पुढचं त्याच भिडेनं झालं. गरम चहा हातात देऊन तिनं एक कागद पुढं केला. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखाच, खुणा केलेला. शेवाळाच्या गोळ्या, आंघोळीच्या पाण्यात टाकायची पूड, एक तेल. तीन महिने केलं नाही तर विषं परत साठतील म्हणे. तिन्हींचे २१४ डॉलर. मी नको नको म्हणत तेल सोडलं आणि गोळ्या नि पूड घेतली, ९८ डॉलर. ७५ मिनिटांतली निदान वीस मिनिटं या बोलण्यात गेली, लेपात नाही.

मग पावती. चष्मा कपाटात कपड्यांबरोबर ठेवलेला. एका मोकळ्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, इथं टिप, इथं सही. मी १५ डॉलर लिहिले. खोलीत येऊन चष्मा लावला तेव्हा दिसलं, त्या मोकळ्या ओळीच्या वरतीच १८ टक्के सेवा शुल्क, म्हणजे २६.८२ डॉलर, छापून आलेलं होतं. टिप एकदा त्यांनीच कापली होती, दुसऱ्यांदा मी माझ्या हातानं दिली.

हिशेब सांगते: १४९, अधिक २६.८२, अधिक माझे १५, अधिक ९८. एकूण २८८.८२ डॉलर. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या वर होता, कार्डाचे परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी वेगळा. २५,००० च्या वर गेले. दुसऱ्या दिवशी फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यालगत ह्यांनी ३५० बाटमध्ये तासभर पाय चेपून घेतले. वर मला विचारलं, "तुझी विषं किती उतरली?"

शेवटच्या रात्री मनाचा हिय्या करून काउंटरवर गेले. स्पा वेगळ्या कंपनीचा आहे, सही तुमची आहे, न उघडलेली वस्तू तेवढी परत घेऊ, असं गोड आवाजात सांगितलं. पुडीचं पाकीट उघडलेलं नव्हतं. पण ते मोठ्या बॅगेत होतं, आणि बॅगा तासापूर्वीच खोलीबाहेर ठेवून नेल्या होत्या. त्या थेट सिंगापूरच्या धक्क्यावर मिळणार.

बहुतेक क्रूझवर असंच असतं हे मुलीनं नंतर सांगितलं. जागा बोटीची, धंदा दुसऱ्या कंपनीचा, मुलींची कमाई बरीचशी कमिशनवर. त्या पोरीवर मला राग नाही. महिनोन्‌महिने घरापासून लांब राहून ती पोट भरते. राग आहे तो गोळ्यांचा. डोंबिवलीला आल्यावर आमच्या डॉक्टरांनी डबी हातात घेतली, मागचं बारीक वाचलं आणि विचारलं, किती दिवस घेताय? नऊ. आजपासून बंद, म्हणाले. समुद्री शेवाळात आयोडीन भरपूर असतं आणि जास्तीचं आयोडीन थायरॉइड बिघडवतं. विषं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, घामातून गेलं ते पाणी, दोन पेले प्यायलात की परत आलं. मी फॉर्मवर खूण केली होती ती कुणी वाचलीच नाही, की वाचून विकलं, देव जाणे.

घरी माझ्या टेपनं दोन्ही तऱ्हांनी माप घेतलं. दोन बोटं आत घालून त्यांचा आधीचा आकडा आला, बोटं काढून आवळल्यावर नंतरचा.

साधी पाठ-खांदे चेपून घ्यायला माझी ना नाही. समुद्र बघत पडायला बरं वाटतं, त्याचे पैसे पडतात हे धरून चालायचं, दर ऐकला की त्यात सेवा शुल्क मिळवायचं, आमच्या बोटीवर ते १८ टक्के होतं. शेजारच्या काकू डिसेंबरात जाणार आहेत. त्यांना ती पावती दाखवली. फॉर्मवर वरतीच "काही विकत घ्यायचं नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि चष्मा गळ्यात अडकवूनच आत जा म्हटलं. काकूंनी पावती उलटसुलट करून विचारलं, "आणि ही मोकळी ओळ?"

"तिच्यावर आडवी रेघ मारायची," मी म्हटलं, "मग सही."